भंगारातली पाच अश्वशक्ती

मुळशी येथे टाटांनी मुळा नदीचे पाणी अडविले, त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 साली उभा राहिलेला शेतकऱ्यांचा सत्याग्रह अखेरीस निष्फळ ठरला, आणि 1927 साली सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणातील भिरा येथे, त्या पाण्याची वीज होऊन मुंबईकडे रवाना झाली. परंतु धरणाच्या खालच्या अंगाला, पौड-घोटावड्याच्या पट्ट्यात, ज्यांच्या उशाचे पाणी या विजेच्या कामी आले त्यांना स्वतःच्या वावरात पाणी चढविण्यासाठी आधी मोटेवर आणि पुढे तेलाच्या इंजिनावर विसंबून राहावे लागले. शिवारात विजेचे खांब आले तशी ही इंजिने विहिरीवरून गोठ्यात, गोठ्यातून परड्यात आणि शेवटी फाट्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर गेली. त्यांतले एखादे वजनाच्या भावाने सोडवून आणून पुन्हा चालू करण्याचा घाट कोणी घालतो, तेव्हा नेमके काय करावे लागते, ते सांगण्यासारखे आहे.

असे इंजिन बहुधा किर्लोस्करचेच निघते, आणि त्यात नवल नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसविली, त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी 1946 साली खडकीस ऑइल इंजिनांचा उद्योग उभारला, आणि घोटावड्याकडून वाहत जाणारी मुळा पुढे त्याच खडकीवरून जाते. त्यापूर्वीच साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने डिझेल इंजिन बनविले होते. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते, ही गोष्ट इंजिनवाल्यांना ठाऊक नसते आणि राजकारण्यांना तर नसतेच. शेतकऱ्याने तगाई काढून घेतलेले यंत्र म्हणजे पुष्कळदा ‘एव्ही-1’: एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, 80 मिलिमीटर व्यासाचे व 110 मिलिमीटर धावेचे, मिनिटास 1500 फेरे घेऊन पाच अश्वशक्ती देणारे.

या यंत्रात ठिणगीची योजनाच नाही. रुडॉल्फ डिझेल याने 1897 साली आउग्सबुर्ग येथे सिद्ध केलेले तत्त्व असे की, कोंडलेली हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते की तीत तुषाररूपाने सोडलेले तेल आपोआप पेट घेते. आपल्या या इंजिनात ती हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास दाबली जाते. म्हणून हवा कोठून निसटत नाही ना आणि तेल तुषार होऊनच पडते ना, या दोन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय हँडलला हात लावणे हा निव्वळ उतावळेपणा होय. माझ्या मते पडून राहिलेली इंजिने गंजाने जितकी मरतात त्याहून अधिक, घरी आणल्याबरोबर चार दांडग्या पोरांकडून हँडल मारवून घेणाऱ्या मालकांच्या हौसेने मरतात. कारण गंजलेल्या लायनरवर चिकटलेली रिंग जबरदस्तीने हलविली की ती मोडते, आणि मोडलेली रिंग लायनर खरवडून काढते.

जाणता मिस्तरी प्रथम नोझल काढतो व त्या भोकातून रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण पिस्टनवर ओतून यंत्र काही दिवस तसेच ठेवतो. फ्लायव्हील पुढेमागे बोटभर हलू लागले की अर्धे काम झाले. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले जातात, टाकीच्या तळाशी साचलेले पाणी व डिझेलचा चिकट गाळ काढून टाकला जातो, आणि नोझलची परीक्षा होते. ती पाहण्याजोगी असते. नोझल पाइपाला बाहेरच्या बाहेर जोडून पंप हाताने दाबला की चांगल्या नोझलमधून ‘कर्र’ असा खणखणीत आवाज येऊन धुक्यासारखा फवारा उडतो. खराब नोझल नुसते ओघळते. त्या फवाऱ्यापुढे बोट मात्र धरू नये, कारण एवढ्या दाबाखालचे तेल कातडी भेदून आत शिरते.

यानंतर तेलाच्या नळीतील हवा काढावयाची. फिल्टरचा, मग पंपाचा, मग नोझलकडचा नट सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू द्यावे लागते. इंजिनाने हवा धरली असेल तर मनगट मोडेस्तोवर फिरवूनही ते दाद देत नाही. आणि एक गोष्ट घाईत हमखास राहून जाते: गव्हर्नरला जोडलेली पंपाची रॅक मोकळी सरकते की नाही, हे पाहणे. ती पुऱ्या तेलावर अडकलेली असली तर इंजिन सुरू होते खरे, पण फेरे वाढतच जातात, यंत्र ‘पळते’. अशा वेळी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरून त्याचा श्वास बंद करणे हाच तातडीचा इलाज. ती फळी आधीपासून हाताशी ठेवलेली असते, यावरून मिस्तरीची पारख करावी.

आता हँडल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून, फ्लायव्हीलला वेग येईपर्यंत ते फिरवायचे आणि खटका सोडायचा. थंडीच्या सकाळी हवेच्या वाटेने चमचाभर ऑइल आत सोडले तर रिंगांच्या फटी बुजून दाब वाढतो. पहिला ठोका बसतो, दुसरा चुकतो, मग धडधड लागते आणि धूर येतो: पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, निळा असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर तेल प्रमाणाबाहेर जाते आहे. निळा धूर काही वेळाने विरळ झाला नाही तर रिंगा बदलण्याचा खर्च मालकाने मनात धरून ठेवावा.

पहिल्या खेपेस दहा मिनिटांत इंजिन बंद करतात. पिस्टनवर ओतलेले रॉकेल रिंगांवाटे उतरून खालच्या ऑइलात मिसळलेले असते, म्हणून ते सारे ऑइल काढून टाकून नवे भरावे लागते, आणि यंत्र पुरते थंड झाल्यावर हेडाचे नट पुन्हा आवळावे लागतात. पंपाला पट्टा चढविण्याची मालकाची घाई असली तरी मिस्तरी त्याआधी पाना खाली ठेवत नाही, आणि मजुरीही तोवर मागत नाही.