पेडल दाबले, पण ब्रेक लागेना!

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब घाट उतरत होतो. गाडी पंधरा वर्षांची, माणसांनी व सामानाने गच्च भरलेली. निम्म्या उतारावर ब्रेकचे पेडल स्पंजासारखे मऊ लागू लागले. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. तासाभराने पाहिले, तर पेडल पूर्ववत! मग बिघाड होता कुठे?

बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण वर्गात शिकवतो. पायाचा दाब याच तत्त्वाने नळीतल्या द्रवामार्फत चाकांपर्यंत जातो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणूनच हे शक्य होते.

आता थोडे गणित करू. २,००० किलोग्रॅमची गाडी ५०० मीटर खाली उतरली, की तिची स्थितिज ऊर्जा ९८ लाख ज्यूलने घटते. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे सुमारे ३३ लिटर पाणी उकळीला येईल! हवेचा विरोध व इंजिन यांतला काही वाटा उचलतात. उरलेली उष्णता ब्रेकमध्येच निर्माण होते.

गॅरेजमध्ये ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते सहसा खनिज तेल नसून ग्लायकॉल ईथरयुक्त द्रव असते. ते हवेतली आर्द्रता हळूहळू शोषते. ‘डॉट-३’ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकजवळ असा द्रव उकळून वाफेचे बुडबुडे होतात. वाफ सहज दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते, पण दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि दोष लपतो. धोका आहे तो इथेच. ‘आता ठीक आहे’ म्हणून आपण पुढे निघतो!

हे वर्गात दाखवता येईल. सुया काढलेल्या दोन सिरिंजा नळीने जोडून पाण्याने भरा. एक दट्ट्या दाबताच दुसरा लगेच सरकतो. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा राहू द्या व दुसरा दट्ट्या बोटाने अडवून पाहा. पहिला तरीही आत जातो.

आमच्या गाडीतला द्रव कित्येक वर्षे बदललेलाच नव्हता. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी तो बदलावा, घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि पेडल एकदा जरी मऊ लागले तरी गाडी तपासून घ्यावी. उन्हाळी सहलीला निघण्यापूर्वी आपल्या गाडीचा द्रव कधी बदलला होता, हे आठवून पाहाल ना?