लॅपटॉपची किंमत आणि वाटाघाट

मंडईत मेथीची जुडी घेताना भाव कमी करण्याविषयी दोन शब्द बोलणे आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु तोच ग्राहक लॅपटॉप घेण्यासाठी जातो, तेव्हा छापील किंमत पाहून गप्प बसतो. एवढ्या मोठ्या कंपनीशी भावाची बोलणी कशी करावी, असा संकोच त्याला वाटतो. वस्तुतः मेथीच्या जुडीमागे दोन-चार रुपये वाचतात, तर लॅपटॉपच्या खरेदीत एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या किराण्याइतकी रक्कम वाचू शकते. म्हणून अशा खरेदीत वाटाघाट कशी करावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

घासाघीस आणि वाटाघाट यांत फरक आहे. घासाघिशीत ग्राहक एक आकडा सांगतो, विक्रेता दुसरा सांगतो आणि मध्ये कोठेतरी सौदा तुटतो. वाटाघाटीत मात्र ग्राहक आधी तयारी करतो. आपली गरज काय, इतरत्र भाव काय आणि आपल्याकडून विक्रेत्याचा कोणता लाभ होणार, या तीन गोष्टी त्याला ठाऊक असतात.

याचे एक मोठे उदाहरण चेन्नई येथे घडले. २०११ साली तमिळनाडू शासनाने शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. पहिल्याच वर्षासाठी ९ लाख १२ हजार लॅपटॉप घ्यायचे होते. खरेदीचे काम ‘एल्कॉट’ या राज्य शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाकडे सोपविण्यात आले. एल्कॉटने दुकानातून लॅपटॉप घेतले नाहीत, तर निविदा मागवल्या. लॅपटॉप कसा असावा हे निविदेत आधीच लिहिलेले असते. त्यामुळे सर्व कंपन्यांना एकाच प्रकारच्या वस्तूचा दर द्यावा लागतो आणि त्या दरांची तुलना करणे सोपे जाते.

अशा खरेदीसाठी तमिळनाडूत १९९८ चा निविदा पारदर्शकता कायदा आहे. सर्वांत कमी दरही बाजारभावापेक्षा अधिक वाटला, तर तो आणखी कमी करण्यासाठी बोलणी करण्याची मुभा हा कायदा देतो. मात्र ती बोलणी सर्वांत कमी दर देणाऱ्याशीच करावी लागते. यामागील विचार लक्षात घेण्याजोगा आहे. सर्वांशीच नंतर बोलणी होणार असतील, तर प्रत्येक कंपनी आधी दर चढवून सांगेल. बोलणी एकाशीच होणार म्हटल्यावर पहिल्याच फेरीत वाजवी दर सांगणे कंपनीच्या हिताचे ठरते.

एका लॅपटॉपच्या ग्राहकाला लाखो लॅपटॉप घेणाऱ्या शासनाचे बळ नसते, हे खरे आहे. तरीही त्याच पद्धतीचा काही भाग त्याला वापरता येतो. त्यासाठी किंमत कशी बनते, हे प्रथम पाहू.

लॅपटॉपच्या किमतीत सुट्या भागांचा व जोडणीचा खर्च, कंपनीचा नफा, वाहतूक, वितरक व दुकानदार यांचा वाटा आणि कर यांचा समावेश असतो. काही कंपन्या ग्राहकाला थेट विक्री करतात. चेन्नईजवळील श्रीपेरुम्बुदूर येथे २००७ साली कारखाना सुरू करणारी डेल ही कंपनी अशा थेट विक्रीमुळेच जगभर नावारूपास आली. थेट खरेदीत मधल्या व्यक्तींचा वाटा वाचतो. पण तो आपोआप ग्राहकाच्या पदरात पडत नाही. तो मागावा लागतो.

मागण्यापूर्वी आपली गरज कागदावर लिहावी. पत्रलेखन, हिशेब आणि अभ्यास एवढ्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. त्यानंतर त्याच नमुन्याची किमान तीन दरपत्रके लेखी घ्यावीत. चेन्नईच्या ग्राहकाला रिची स्ट्रीटसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात फिरून भाव काढता येतो. मग कंपनीच्या विक्री विभागाला दूरध्वनी करून स्पष्ट सांगावे, “हाच लॅपटॉप मला बाहेर इतक्या रुपयांना मिळतो आहे. आपण थेट देत आहात, तर किती कमी कराल?” ताकाला जाऊन भांडे लपवू नये. विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का, हेही विचारावे. एकाच वर्गातील दहा जणांनी मिळून मागणी नोंदवली, तर कंपनीलाही एकदम दहा लॅपटॉपची विक्री होते आणि भाव उतरवण्यास तिला कारण मिळते. नवा नमुना बाजारात आला, की जुन्याची किंमत बहुधा उतरते. ज्याला घाई नाही, त्याने ती वेळ साधावी.

दर ऐकताना तो करासहित आहे की कराविना, हे अवश्य विचारावे. लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. कराविना ४०,००० रुपये सांगितलेली किंमत प्रत्यक्षात ४७,२०० रुपये होते. उलट, कराविना दरात २,००० रुपये कमी झाले, तर ग्राहकाचे २,३६० रुपये वाचतात. वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीत मात्र सर्व कर धरलेले असतात. त्यापेक्षा अधिक पैसे घेता येत नाहीत. कमी घेण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

कंपनीने रोख सवलत नाकारली, तरी बोलणी संपत नाहीत. हमीची मुदत एक वर्षाने वाढवून मागता येते, अधिक स्मृतिक्षमता किंवा पिशवी मागता येते. ‘बिनव्याजी हप्ते’ असे सांगितले, तर एकरकमी पैसे दिल्यास किती सूट मिळेल आणि हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क किती, हे विचारावे. या दोन आकड्यांवरून हप्ते खरोखर बिनव्याजी आहेत का, ते कळते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. भाव उतरवण्याच्या भरात वस्तूच उतरत्या दर्जाची घेऊ नये. बिलाशिवाय स्वस्त देतो, असे कोणी म्हटल्यास ती सवलत समजू नये. बिल नसेल, तर हमी बजावून घेणेही अवघड होते. ठरलेली प्रत्येक गोष्ट दरपत्रकात लिहून घ्यावी. फसवणूक झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार नोंदवता येते.

शासनाने लाखो लॅपटॉप घेताना जे केले, तेच एक लॅपटॉप घेणाऱ्यानेही करावे : गरज लिहावी, दर मागवावेत, तुलना करावी आणि मगच बोलावे. भाव विचारण्यात कमीपणा नाही. कष्टाने मिळवलेल्या पैशाचा योग्य मोबदला मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.