महानुभाव पंथातील कृपाळू परमेश्वर : सृष्टी, उद्धार आणि स्मरण

ज्या देवाने जग घडविले तोच दुबळ्याची हाक ऐकतो, ही श्रद्धा धर्मेतिहासात फार जुनी आहे. प्राचीन ईजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या कारागिरांची वस्ती देर अल्-मदीना येथे होती. तेथील नेब्रे नामक चित्रकाराने, ख्रिस्तपूर्व १३ व्या शतकात, मुलगा आजारातून उठल्यावर अमून देवास एक शिलापट्ट अर्पण केला. त्यावर अमूनची स्तुती दीनांच्या हाकेस धावून येणारा म्हणून केलेली आहे. हाच अमून ईजिप्ती धर्मविचारात विश्वाचा निर्माता होता. त्याची करुणा निर्मातेपणातूनच उद्भवते. ज्याने घडविले तो सांभाळील, असा हा विश्वास होय.

इ. स. च्या १३ व्या शतकात विदर्भ व गोदातीर या प्रदेशांत वाढलेल्या महानुभाव पंथाने हा संबंध निराळ्या रीतीने लावला. श्रीचक्रधरांच्या निरूपणानुसार जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न आहेत. त्यामुळे परमेश्वराने शून्यातून काही निर्माण केले, असे या मतात म्हणता येत नाही. जीव अनादी अविद्येने बद्ध आहेत, आणि देहाची प्राप्ती झाल्यावाचून त्यांना सुटकेचा अवसर नाही. तो अवसर मिळावा म्हणून परमेश्वर सृष्टीस प्रवृत्ती देतो. प्रत्यक्ष रचना मात्र माया व तिच्या अधीन असलेल्या देवता करतात. अमूनच्या ठिकाणी निर्मिती आधी व करुणा नंतर. येथे करुणा आधी असून सृष्टी हे तिचे साधन आहे.

या भेदाचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. देवता स्वर्गादी फळे देतात, परंतु ती सरणारी असतात. मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच. साहजिकच देवतांची उपासना पंथाने त्याज्य मानली. आणि कृपा हेच उद्धाराचे कारण ठरल्यावर अधिकारभेदाचा आधारही ढासळला. चक्रधरांच्या परिवारात महदाइसेसारख्या स्त्रिया होत्या. पुढे केसोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. त्या भाषेमुळे साध्या बायाबापड्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. भाषेचा हा निर्णय अनेकदा केवळ मराठीप्रेमाचा म्हणून सांगितला जातो. त्याचे मूळ परमेश्वरविषयक सिद्धान्तात आहे, हे अधिक ध्यानात घ्यावयास हवे.

ज्या जिल्ह्यात आज जवाहरनगरची आयुधनिर्माणी आहे त्या भंडाऱ्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. लीळाचरित्राच्या ‘एकांक’ या भागात चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा आहेत. त्या काळात भंडाऱ्याचे नीळभट्ट त्यांच्या सहवासात आले आणि ‘भांडारेकार’ याच नावाने पंथाच्या स्मृतीत राहिले. परमेश्वराची कृपा येथे आकाशातून उतरत नाही. ती मनुष्यवेषाने गावात येते. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू व चक्रधर या पंचकृष्णांचे अवतारत्व याच अर्थाने घ्यावयाचे.

परंतु ज्ञान जर अवताराच्या सन्निधानातच लाभते, तर अवतार निघून गेल्यावर अनुयायाने काय करावे? महानुभाव विचारातील हा सर्वांत कठीण प्रश्न होय. ईजिप्ती उपासकास तो अशा रूपाने पडला नाही. कर्नाकच्या मंदिरसमूहात पूर्वेकडे, मुख्य गाभाऱ्याच्या पाठीशी, प्रार्थना ऐकणाऱ्या अमूनचे स्वतंत्र स्थान होते. देव तेथे मूर्तिरूपाने उपस्थितच असे. महानुभावांनी या ‘असन्निधान’ काळासाठी आचार व स्मरण सांगितले. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण करावयाचे. येथील ‘मूर्ती’ म्हणजे अवताराचे रूप, दगडाची प्रतिमा नव्हे.

म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्राचे संकलन केले, त्यामागील आस्था यावरून उलगडते. चक्रधर कोठे बसले, काय जेवले, कोणास काय बोलले, हे सारे चौकशी करून टिपले गेले. आजच्या वाचकास हा तपशील कित्येकदा क्षुल्लक वाटतो. स्मरण करणाऱ्यास त्यातील एकही गोष्ट गाळणे परवडणारे नव्हते. स्थानपोथीने हीच दृष्टी भूमीला लावली. अवतारांनी पदस्पर्श केलेल्या जागा तिने दिशा व खुणांसह नोंदविल्या, आणि अशा ठिकाणी बांधलेल्या ओट्यांना महानुभाव आजही वंदन करतात.