मिआटाचं पाणी

माझदा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आठवतो तो स्वराज माझदा. भाजीच्या क्रेटांनी भरलेला, नाहीतर शाळेची पोरं कोंबलेला. त्याच हिरोशिमाच्या माझदा कंपनीची दोन सीटांची, कापडी टपाची एक स्पोर्ट्स कार आहे, एमएक्स-5. अमेरिकेत तिला मिआटा म्हणतात. ती भारतात अधिकृतपणे कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे रस्त्यावर दिसण्याचा प्रश्न नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘यंत्रांचे वेडे’ या विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी डेट्रॉइटजवळ मुलीकडे मुक्कामाला होतो. तिच्या ओळखीतला एक इंजिनिअर जुनी मिआटा घेऊन तिची ‘ट्रॅक कार’ बनवतोय असं कळलं आणि मी त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन बसू लागलो.

गडी माण तालुक्यातला. कराडच्या सरकारी कॉलेजातून इंजिनिअर होऊन इकडे आला, आता एका मोटार कंपनीत ब्रेकच्या विभागात आहे. ट्रॅक कार म्हणजे शर्यतीची गाडी नव्हे, हे त्याने पहिल्यांदा माझ्या डोक्यात घातलं. इथे शर्यतीचे ट्रॅक सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना फी घेऊन खुले करतात. मिशिगनमध्ये साउथ हेवन गावाजवळ जिंजरमन नावाचा ट्रॅक आहे, एका फेरीला साधारण साडेतीन किलोमीटरचा. हा तिथे जातो. वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात. पुढच्याने हात दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. नंबर नाही, बक्षीस नाही. आपलीच मागची वेळ मोडायची. एवढ्यासाठी माणसं गाडी सोलून काढतात, कार्पेट उपटतात, लोखंडी दांड्या बसवतात.

पण त्याआधी येतो निवडीचा प्रश्न, आणि तो या मंडळींना वर्षानुवर्षं पुरतो.

मला वाटलं होतं, जास्तीत जास्त ताकदीची गाडी घ्यायची, संपलं. त्याच्या यादीत तशा होत्याच. शेव्हर्लेची पाचव्या पिढीची कॉर्व्हेट, 5.7 लिटरचं इंजिन, 345 हॉर्सपॉवर. होंडाची एस2000, फक्त दोन लिटरमध्ये 240 हॉर्सपॉवर आणि इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं. पोर्शची पहिली बॉक्स्टर. बीएमडब्ल्यूची ई46. टोयोटाची जीटी86. प्रत्येकीपुढे त्याने वहीत लाल शाईने तिचं दुखणं लिहिलं होतं. बॉक्स्टर: इंजिनाच्या पोटात मधल्या शाफ्टचं एक छोटं बेअरिंग असतं, ते गेलं की सगळं इंजिन जातं. ई46: मागच्या ॲक्सलला धरणारा पत्रा चिरतो. एस2000: दुखणं फारसं नाही, पण चांगली गाडी हवी तर किंमत आता हौशी संग्राहकांनी ठरवलेली. जीटी86 पुढे नुसतं ‘शहाणी. महाग.’ एवढंच.

“आजोबा म्हसवडच्या बाजारात खिल्लार घ्यायला जायचे,” तो म्हणाला. “आधी दात बघायचे, मग खूर. रंग बघायची पाळी शेवटी. ही वही म्हणजे दातच बघणं आहे, काका.”

कॉर्व्हेट त्याने का सोडली ते ऐकण्यासारखं आहे, कारण इथे त्याचा नोकरीतला धंदा बोलतो. गाडी थांबवायची म्हणजे तिच्यातल्या गतीची उष्णता करायची. 960 किलोची मिआटा सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी 160 किलोमीटरला पोचली असं धरा. तिला उभं करायला साधारण साडेनऊ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये उतरते. त्याच पट्ट्यावर साडेचौदाशे किलोची कॉर्व्हेट सहज 200 गाठते. तिची उष्णता 22 लाखांच्या वर जाते. दुपटीहून जास्त, आणि हे दर फेरीला, एकाच नव्हे तर अनेक वळणांवर. तेवढे ब्रेक पॅड झिजणार, डिस्क तडकणार, ब्रेक ऑइल उकळणार. वजन आणि वेग दोन्ही टायरलाही खातात. गाडी एकदाच घ्यायची असते, टायर मात्र दर मोसमाला. हा हिशेब घालून पाहिल्यावर माझंही मत बदललं. 116 हॉर्सपॉवरची गाडी घेऊन ट्रॅकवर जाणारा माणूस वेडा नाही. त्याला महिनाअखेरीला घरात तोंड दाखवायचं असतं.

गाडीचा अधिकृत इतिहास कंपनीच्या चकचकीत पुस्तकांत सापडतो, तो थोडक्यात सांगतो. 1979 साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्याजवळ बोलून दाखवलं की, जुन्या इंग्लिश धाटणीची हलकी, उघडी, स्वस्त गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. पुढे हॉल माझदाच्याच कॅलिफोर्निया ऑफिसात लागला. जपानमधल्या मंडळींनी पुढची चाकं ओढणारी आणि मधे इंजिन असलेली असे आराखडे मांडले. कॅलिफोर्नियाने इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर हा जुना धर्म धरून ठेवला आणि जिंकला. तोशिहिको हिराई प्रकल्पप्रमुख झाले आणि फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे हिराईंच्या चमूचं ब्रीद. एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी गाडी बनली. अमेरिकेत केवळ याच गाडीसाठी शर्यतींचा वेगळा वर्गच आहे, स्पेक मिआटा, आणि आमच्या गड्यासाठी सगळ्या इतिहासात तेवढीच बाब कामाची. हजारो लोकांनी ही गाडी ट्रॅकवर मोडून पाहिली आहे. काय मोडतं, कधी मोडतं आणि काय बसवलं की मोडत नाही, हे सगळं ठाऊक झालेलं आहे.

एवढं ठरलं तरी कोणती मिआटा, हा प्रश्न उरतोच. पहिल्या पिढीत 1993 पर्यंत 1.6 लिटरचं इंजिन, 1994 पासून 1.8 चं. 1.8 मध्ये ताकद 128 हॉर्सपॉवर, पुढच्या ब्रेक डिस्क 235 मिलिमीटरऐवजी 255 च्या, डिफरन्शियल जास्त दणकट. कागदावर 1.8 च घ्यावी. त्यात सुरुवातीच्या 1990-91 च्या गाड्यांच्या क्रँकशाफ्टचं टोक आखूड. त्यावरची पुली डुगडुगायला लागली की चावीची खाच खाते. ओळखायची खूण अशी की, त्या पुलीला चार खाचा असतात, नंतरच्या सुधारलेल्या शाफ्टच्या पुलीला आठ. त्यामुळे बॉनेट उघडलं की तो पहिल्यांदा टॉर्च मारून खाचा मोजतो.

आणि दुसरी गोष्ट, पाण्याची बाटली. गाडी बघायला जाताना बरोबर एक भरलेली बाटली असते. कापडी टपावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन कोपऱ्यांत उतरतं आणि तिथल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडतं. निदान पडायला हवं. नळीत पानं, केस, मातीचा गाळ बसला की तेच पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात शिरतं आणि आतून गंज चढवत राहतं. बाहेरून रंग टवटवीत. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणजे बघायलाच नको. मी बरोबर होतो तेव्हा एका लालभडक 1.8 च्या कोपऱ्यात त्याने बाटली ओतली. आम्ही दोघे खाली वाकून बघत राहिलो. मालकही वाकला. खाली थेंब आला नाही. त्याने दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तर तो बिस्किटासारखा आत गेला. मालकाला ‘थँक यू’ म्हणून आम्ही निघालो.

शेवटी त्याने दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून, जिथे रस्त्यावर सहसा मीठ पडत नाही, 1992 ची पांढरी 1.6 आणली. कमी ताकद, लहान ब्रेक, नाजूक डिफरन्शियल. “ब्रेक आणि डिफरन्शियल नटबोल्टांवर बदलतात,” तो म्हणाला, “पत्रा नटबोल्टांवर बदलत नाही.” मोठ्या डिस्क नंतरच्या मिआटाच्याच बसतात.

जॅकवर चढवलेल्या त्या गाडीखाली मीही एकदा शिरलो. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब जाळीदार चौकट गेलेली आहे. दोघांना एका कण्यात बांधून टाकणारी. चालकाने पाय दाबला की मधे काही लचकत नाही, जोर तडक मागे पोचतो. इतक्या स्वस्त गाडीत ही चौकट घालायचा हट्ट कोणी धरला असेल, त्याला माझा नमस्कार. पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने, ती म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट.

हे इंजिन मुळात माझदाच्याच 323 या घरगुती गाडीच्या कुळातलं. तिथे ते आडवं बसायचं आणि गरम पाणी हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाने बाहेर पडायचं. म्हणजे पंपाने पुढून पाणी ढकललं की ते चारही सिलिंडरांना भेटून मागून निघायचं. मिआटात इंजिन उभं फिरवलं. आता ते मागचं टोक इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला जवळजवळ टेकलं. तिथे जाडा होज फिरवायला जागा नाही. मग पाण्याची बाहेरची वाट काढली पुढे, म्हणजे जिथून ते आत येतं त्याच बाजूला. थर्मोस्टॅटही पुढेच. मागे उरला फक्त हीटरचा बारीक होज. पाणी आळशी, जवळचा रस्ता मिळाला की लांब कशाला जाईल? पहिल्या सिलिंडरची चैन, चौथ्याच्या वाट्याला मंद प्रवाह.

रस्त्यावर याचा काहीही त्रास होत नाही, ही इंजिनं लाखो किलोमीटर चालतात. ट्रॅकवर वीस मिनिटं सात हजार फेऱ्यांच्या आसपास घुमवलं की चौथा सिलिंडर तापतो. आणि डॅशबोर्डवरचा काटा तुम्हाला सांगत नाही. लोक घाबरू नयेत म्हणून तो मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात एकाच जागी बसून राहतो, तो हलला की उशीर झालेला असतो. म्हणून मंडळी थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेतात आणि तिथून होज वळवून पुढे रेडिएटरपर्यंत आणतात. मूळ इंजिनाचीच वाट परत देतात म्हणा. मूळ ताकदीच्या गाडीला हा खटाटोप लागत नाही, चांगला जाड रेडिएटर पुरतो, टर्बो बसवणार असाल तरच हे करा, असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत. मलाही त्यांचं पटतं. आमच्या गड्याला पटत नव्हतं.

आणि अडचणी इथूनच सुरू झाल्या. हेड आणि भिंत यांच्यात तळहात जेमतेम शिरतो. तिथेच वर इग्निशनच्या कॉइल, आणि कॅमशाफ्टच्या टोकाला त्याची स्थिती सांगणारा सेन्सर. त्या सेन्सरची रबरी रिंग म्हातारपणी तेल गाळते आणि ते तेल नेमकं खालच्या हीटरच्या होजवर ठिबकतं. रबर फुगून मऊ. याचाही होज तसाच निघाला. दातांच्या डॉक्टरांसारखा आरसा, लांब दांडीचा पाना, पडलेला बोल्ट काढायला चुंबक. एक बोल्ट निघता निघेना. बोटांच्या पेरांची सालं गेली. बायको दारात येऊन म्हणाली, “अहो, इंजिनच बाहेर काढा ना.” ती सिव्हिल इंजिनिअर आहे, तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी इंजिन बाहेर आलं.

पाण्याचं निभावलं, पण खरी पंचाईत डोक्याची. उघडी गाडी उलटली तर वाचवणार काय? मूळ गाडीत रोल बार नाही, तो सीटच्या मागे बसवून घ्यावा लागतो. नियम असा की, बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ काठी धरली तर हेल्मेट तिच्या खाली राहिलं पाहिजे. गडी सहा फूट. हेल्मेट काठीला लागलं. मग त्याने सीटचं कव्हर सोलून आतला फोम पाव कापायच्या सुरीने पातळ काढला, पुन्हा बसला, पुन्हा काठी धरली, पुन्हा कापला. स्वयंपाकघरातली सुरी होती हे बायकोला नंतर कळलं.

बार बसला, तर तोच रस्त्यावर धोक्याचा. ट्रॅकवर डोक्याला हेल्मेट असतं, पट्टे छातीला आवळलेले असतात. बाजारात जाताना उघडं डोकं आणि साधा पट्टा. मागून कोणी ठोकलं तर पोलादी नळी डोक्यामागे वीतभर अंतरावर. त्यावर गुंडाळायला कडक फोम मिळतो, पण तोही हेल्मेट गृहीत धरून बनवलेला. सात वर्षांच्या मुलीला या गाडीतून आइस्क्रीम खायला न्यायचं वचन दिलेलं होतं. ते त्याने मागे घेतलं. साधा मोटार विमाही ट्रॅकवरच्या नुकसानीला सहसा लागू होत नाही, वेगळा दिवसापुरता काढावा लागतो.

गाडी रस्त्यावर चालवायची नाही म्हटल्यावर ट्रॅकपर्यंत न्यायला ट्रेलर हवा. ट्रेलर ओढायला पिकअप हवी. घरातली छोटी इलेक्ट्रिक ते काम करणार नाही. आणि त्यांच्या वसाहतीच्या नियमांत ट्रेलर घराबाहेर उभा करायला मनाई. गाडीची किंमत त्याने वहीत निळ्या शाईने लिहिली होती. तिच्याखाली ट्रेलर, जुनी पिकअप आणि ते दोन्ही ठेवायला भाड्याची जागा, अशा तीन ओळी वाढल्या. मी निघालो तेव्हा तिन्हींची बेरीज गाडीच्या पुढे गेली होती आणि टायरांची ओळ अजून कोरीच होती.