नावेचा नांगर आणि शेताचा नांगर

वाचकहो, नांगर म्हटला की आपल्याला बैलजोडी आठवते. पण मराठीत नांगर दोन आहेत. एक शेतात चालतो, दुसरा पाण्यात बसतो. शेताचा नांगर माती फोडत पुढे जातो. नावेचा नांगर मातीत रुतून एकाच जागी राहतो आणि नावेला धरून ठेवतो. दोघांत सारखे काय आहे, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आपण करून पाहू, मग तुलाच समजेल." आम्ही चौथीच्या मुलामुलींनी जे करून पाहिले ते या लेखात सांगतो.

नांगर कशाला पाहिजे?

आपल्या बुटीबोरीला समुद्र नाही. पण वेणा नदी आहे आणि जवळच वडगावचे धरण आहे. धरणात मासे धरायला डोंगे असतात. पाण्यात डोंगा उभा करायचा तर त्याला बैलासारखे खुंट्याला बांधता येत नाही. वारा सुटला की डोंगा वाहत जातो. म्हणून दोराला काहीतरी बांधून तळाला सोडतात. तोच त्याचा नांगर.

नांगर सुटला तर काय होते ते ऐका. १७ मे २०२१ रोजी तौक्ते नावाचे वादळ मुंबईजवळच्या समुद्रात आले होते. तिथे तेलाच्या विहिरींवर काम करणाऱ्या लोकांचे पी-३०५ नावाचे मोठे तराफ्यासारखे जहाज नांगर टाकून उभे होते. त्याला बार्ज म्हणतात. त्यावर २६१ माणसे होती. वादळात त्याचे नांगर टिकले नाहीत. बार्ज वाहत गेला, समुद्रात उभ्या असलेल्या लोखंडी मनोऱ्यावर आदळला आणि बुडाला. नौदलाने १८६ जणांना वाचवले, पण सत्तरच्या वर माणसे गेली. एवढ्या मोठ्या वादळापुढे नांगराचे काय चालणार, असे कोणी म्हणेल. पण नांगर धरून राहील की नाही, यावर माणसांचा जीव असतो, हे खरे आहे.

जुने नांगर दगडाचे

फार पूर्वी लोखंडी नांगर नव्हते. दगडाला भोक पाडून दोर बांधत. आपल्या कोकणात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग किल्ल्यांजवळच्या समुद्रात असे दगडी नांगर सापडले आहेत. गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी पाण्यात बुडी मारून ते शोधले. काही दगड लांबट असून त्यांना तीन भोके आहेत. वरचे भोक गोल, ते दोराचे. खालची दोन भोके चौकोनी. त्यांत लाकडाच्या खुंट्या आडव्या बसवत. नुसत्या वजनाने काम भागत नाही, तळाला काहीतरी रुतले पाहिजे, हे त्या जुन्या लोकांनाही माहीत होते.

आमची चाचणी

धरणावर जायला गुरुजींनी मनाई केली. म्हणून आम्ही चाचणी शाळेतच केली. तीन जागा ठरवल्या. पहिली, बांधकामासाठी आणलेल्या रेतीचा ढीग. दुसरी, हातपंपाजवळचा काळ्या मातीचा चिखल. तिसरी, मैदानावरचा घट्ट मुरूम, त्यात गोटे आहेत.

नांगर चार केले. चौघांचे वजन सारखे, दोन-दोन किलो.
१) साधा गोल गोटा, दोराला बांधलेला.
२) लांबट दगड, त्याला दोन टोकदार काठ्या आडव्या बांधल्या. हा जुन्या दगडी नांगराच्या नमुन्याचा.
३) विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ. वजन कमी पडले म्हणून त्याला लोखंडाचा तुकडा बांधला.
४) शेताच्या नांगराचा जुना फाळ. लोहारकाकांनी त्याला तिरपा दांडा आणि कडी जोडून दिली.

कापूस मोजायचा स्प्रिंगचा काटा असतो ना, तो आम्ही दोराला अडकवला आणि जमिनीलगत हळूहळू ओढले. नांगर सरकून निघायच्या आधी काट्यावर किती किलो आले, ते गुरुजींनी फळ्यावर लिहिले. एकदा ओढून खरे कळत नाही, म्हणून प्रत्येक नांगर तीन वेळा ओढला.

रेतीत काय झाले? गोटा दीड किलोवरच घसरत आला. म्हणजे स्वतःच्या वजनाइतकेसुद्धा त्याने धरले नाही! काठ्यांच्या दगडाने ३ किलोपर्यंत धरले. गळाने ५ किलो. आणि फाळाने? तो आधी वीतभर सरकला. सगळी मुले ओरडली, "गेला, गेला!" पण सरकता सरकता त्याचे टोक खाली गेले आणि तो रेतीत दिसेनासा झाला. काटा १४ किलोवर गेला तेव्हा कुठे तो निघाला.

चिखलात सगळ्यांचाच जोर कमी झाला. गोटा चिखलावरून साबणासारखा घसरला. गळाच्या काट्यांत चिखलाचा गोळा अडकला. मग काटे रुतेनात, नुसता गोळा घरंगळत आला. फाळ इथेही पहिला आला, पण रेतीपेक्षा कमी, ८ किलो.

मुरमावर मात गंमत झाली. फाळ रुतलाच नाही. जमिनीवर रेघ ओढत खरडत आला. गळाचा एक काटा दोन गोट्यांच्या फटीत अडकला. काटा २० किलोवर गेला तरी गळ निघाला नाही. शेवटी हातानेच सोडवावा लागला. गुरुजी म्हणाले, "खडकात गळ चांगला धरतो, पण पाण्याखाली असा अडकला तर काढायला जाणार कोण?"

यावरून आम्हाला दोन गोष्टी समजल्या. एक, वजन सारखे असूनही पकड सारखी नसते. नांगर वजनाने कमी आणि रुतल्याने जास्त धरतो. दुसरी, सगळ्या जागी चांगला असा एकच नांगर नाही. तळाशी रेती आहे, गाळ आहे की खडक आहे, ते आधी पाहावे लागते.

दोर लांब पाहिजे

मग आम्ही रेतीत फाळ पुन्हा रुतवला आणि दोर वर धरून ओढला. जसजसा दोर वर गेला तसतशी पकड कमी झाली. अगदी सरळ वर ओढला तेव्हा ३ किलोवरच तो बाहेर आला. शेतातही असेच होते. नांगरणाऱ्याने रुमणे दाबले नाही आणि फाळ वर उचलला गेला, तर नांगर माती सोडतो.

डोंग्याचा दोर आखूड असला तर तो उभा राहतो आणि नांगराला वर उपटतो. दोर लांब सोडला तर तो तळाजवळ आडवा होतो आणि नांगर आणखी खोल जातो. म्हणून पाणी जितके खोल, त्याच्या पाच ते सात पट दोर सोडतात. म्हणजे पाणी २ मीटर खोल असेल तर १० ते १४ मीटर दोर पाहिजे. मोठ्या नावांच्या नांगराला जड साखळी असते. साखळी आपल्या वजनाने तळावर पडून राहते, म्हणून ओढ आडवी बसते.

आणि नांगर काढायचा असेल तेव्हा? तेव्हा दोर गोळा करत नाव बरोबर नांगराच्या वर आणायची आणि सरळ वर ओढायचे. ज्या ओढीने नांगर सुटू नये म्हणून जपायचे, तीच ओढ काढताना कामाला येते.

चाचणी पाहायला आमच्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा आले होते. ते ढिवर आहेत. ते म्हणाले, "आमी त गोटाच बांधतो. वारं जोरात सुटलं का गोटा सरकते, डोंगा जाते अन् जाळं गुतते. मंग आमी अजून मोठा गोटा बांधतो. तो उचलता उचलता कंबर जाते बाप्पा!" मग त्यांनी फाळ हातात घेऊन पाहिला आणि लोहारकाकांना म्हणाले, "मलेबी असा एक करून दे गा."

शास्त्रज्ञाचा नांगर

फाळाचा नांगर आम्हीच पहिल्यांदा केला असे नाही. इंग्लंडमध्ये जेफ्री टेलर नावाचे मोठे गणिती आणि शास्त्रज्ञ होते. त्यांना शिडाच्या नावेतून फिरण्याची आवड होती. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हलका पण घट्ट धरणारा नांगर पाहिजे होता. त्यांनी १९३३ साली शेताच्या नांगरासारखा फाळ असलेला नांगर तयार केला. त्याला सी.क्यू.आर. नांगर म्हणतात. त्याच्या दांड्याला बिजागरीसारखा सांधा आहे. वारा फिरला आणि नाव दुसऱ्या बाजूला गेली, तर दांडा वळतो, पण फाळ मातीतून लगेच उपटला जात नाही. आमच्या फाळाला असा सांधा नव्हता. आम्ही बाजूने ओढले तेव्हा तो वाकडा होऊन निघाला आणि थोडे सरकून पुन्हा रुतला.

पुढे अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी दोन रुंद, सपाट पाती असलेला हलका नांगर काढला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींना तो लावत. तो रेतीत आणि चिखलात चांगला धरतो.

नांगर रुतला हे कसे ओळखायचे?

पाण्याखालचे तर दिसत नाही. मग काठावरच्या दोन वस्तू पाहायच्या, एक जवळची आणि एक दूरची. समजा, जवळ एक बाभळीचे झाड आहे आणि त्याच्या मागे देवळाचा कळस आहे. नावेतून दोन्ही एका रेषेत दिसतात. थोड्या वेळाने पुन्हा पाहायचे. तशीच दिसली तर नांगराने धरले. झाड एकीकडे आणि कळस दुसरीकडे गेला, तर नाव सरकत आहे. वाऱ्याने नाव थोडी झुलते, म्हणून दोन-तीनदा पाहायचे. नांगर टाकल्यावर नाव हळू मागे नेऊन दोर ताणतात, म्हणजे नांगर आपण होऊन रुततो. झटका द्यायचा नाही. झटक्याने तो रुतण्याआधीच उसळतो.

तर मित्रांनो, दोन्ही नांगरांत सारखे काय आहे, ते आता मला समजले. दोघांचेही काम मातीत शिरण्याचे आहे. आलेल्या पालकांना एक विनंती. तुमच्याकडे डोंगा असेल तर गोटा मोठा करण्याआधी दोर लांब करा आणि लोहाराकडून एक फाळ जोडून घ्या. मुलांनी मोठ्या माणसांशिवाय धरणावर जाऊ नये. रेतीच्या ढिगावर मात ही चाचणी कोणीही करावी.

सांगा पाहू:
१) पाणी ३ मीटर खोल आहे. पाच पट दोर सोडायचा तर किती मीटर लागेल?
२) तळाशी गोटे असतील तर चारपैकी कोणता नांगर घ्याल? त्यात धोका कोणता?
३) नांगर काढताना नाव त्याच्या बरोबर वर का आणतात?

उत्तरे आपल्या वहीत लिहून गुरुजींना दाखवा.

— इयत्ता ४ थी