विंगेतून पाहिलेलं ‘गेटॲट्रिब्यूट’

ब्रेंडन आइकने १९९५ साली दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली, हे पुराण आता सगळ्यांना पाठ आहे. पानावरच्या एलिमेंटचं एखादं ॲट्रिब्यूट वाचायचं, एवढ्याशा कामावरून पुढे जे रामायण झालं, ते मात्र विंगेत उभं राहिलेल्यांनाच माहीत.

इंटरनेट एक्सप्लोरर ६ आणि ७ आठवतात? ‘गेटॲट्रिब्यूट’ने ‘क्लास’ मागावा, तर उत्तर ‘नल’. सोर्समध्ये क्लास ढळढळीत दिसतोय आणि ब्राउझर कानांवर हात ठेवतोय! खरी भानगड अशी की, हे महाशय ॲट्रिब्यूट वाचतच नसत. त्या नावाची प्रॉपर्टी शोधत. आणि ‘क्लास’ हा शब्द भाषेने आधीच राखून ठेवलेला असल्याने प्रॉपर्टीचं नाव पडलं होतं ‘क्लासनेम’. ‘फॉर’ हवं असेल तर ‘एचटीएमएलफॉर’ म्हणा. ‘स्टाइल’ मागितली तर मजकुराऐवजी अख्खं ऑब्जेक्ट पदरात. २००९ च्या आठव्या आवृत्तीत हे सगळं सुधारलं; फक्त जुन्या साइट मोडू नयेत म्हणून जुन्या मोडमध्ये या चुका जशाच्या तशा जपून ठेवल्या.

ॲट्रिब्यूट नसेलच तर काय मिळावं? १९९८ च्या डॉम लेव्हल १ च्या स्टँडर्डने बजावलं होतं: रिकामी स्ट्रिंग. ब्राउझरांनी बिनदिक्कत ‘नल’ द्यायला सुरुवात केली. पुढे कोण सुधारलं म्हणता? स्टँडर्ड.

सगळ्यात जास्त घोळ चेकबॉक्सचा. एचटीएमएलमध्ये ‘चेक्ड’ लिहिलेलं, वापरणाऱ्याने टिक काढली, तरी ‘गेटॲट्रिब्यूट’ आपलं जुनंच पालुपद आळवतं. त्याचा दोष नाही. ॲट्रिब्यूटला पान आलं तेव्हाची स्थिती ठाऊक, आत्ताची खबर प्रॉपर्टीकडे. जेक्वेरीच्या ‘ॲटर’ने दोन्ही कामं वर्षानुवर्षं एकाच खिडकीवर चालवली. मे २०११ मध्ये १.६ आवृत्तीने ‘प्रॉप’ नावाची वेगळी खिडकी उघडली. तत्त्वाने चोख निर्णय! पण लोकांचे चालते चेकबॉक्स अडखळले आणि त्याच महिन्यात १.६.१ काढून ‘ॲटर’ला जुनं काम थोडंफार परत द्यावं लागलं.

शेवटचा किस्सा ऑफिसातला, नावं गाळून. आमचे एक सीनियर प्रॉपर्टीचे कट्टर भक्त; ‘गेटॲट्रिब्यूट’ दिसलं की रिव्ह्यूमध्ये लाल शेरा ठरलेला. एका फॉर्ममध्ये कुणीतरी इनपुटचंच नाव ‘आयडी’ ठेवलं. झालं! फॉर्मची ‘आयडी’ प्रॉपर्टी वाचली की फॉर्मच्या आयडीऐवजी ते इनपुटच हजर. ‘गेटॲट्रिब्यूट’ मात्र पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देत होतं. ते सगळ्यांनी स्क्रीनवर पाहिलं, साहेबांनीही पाहिलं. मग त्यांनी मुकाट्याने इनपुटचं नाव बदललं, त्यासाठी सर्व्हरवरचा कोडही बदलायला लावला आणि प्रॉपर्टी जागच्या जागी राहिली.