तीन हवेल्या, एक बस आणि ८० टक्के टॅक्स

यूकेला मास्टर्सला किंवा जॉबला गेलेल्या मित्रांचा एक नेहमीचा प्रश्न असतो. आई-बाबा येणारेत, त्यांचं लंडन बघून झालं की पुढे काय? एक चांगलं उत्तर आहे कोच हॉलिडे. कोच म्हणजे तिकडची लग्झरी बस. तीन-चार दिवसांची ट्रिप, हॉटेल आधीच ठरलेलं, बॅगा डिकीत, आणि रोज एखाद-दुसरी जुनी हवेली. या हवेल्यांना तिकडे कंट्री हाउस म्हणतात. गावाबाहेर प्रचंड मोठं घर आणि भोवती मैलोन्‌मैल जमीन.

आज आपण डर्बीशायर या एकाच काउंटीतल्या तीन हवेल्या घेऊ: चॅट्सवर्थ, हार्डविक हॉल आणि केडलस्टन हॉल. आणि फिरता फिरता एक प्रश्न सोडवू. एवढ्या बड्या लोकांनी आपल्या घराचं दार तिकीट लावून का उघडलं?

आधी थोडं बसबद्दल. तिकडे ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. तसा कायदाच आहे, आणि त्याची नोंद गाडीतल्या मशीनमध्ये होते. त्यामुळे एकमेकींच्या जवळ असलेल्या हवेल्या एका ट्रिपमध्ये घेणं सोयीचं पडतं. तुम्ही बुकिंग करताना एवढंच बघा, की प्रत्येक ठिकाणी आत फिरायला किती वेळ दिलाय. दीड तासात चॅट्सवर्थ म्हणजे नुसती धावपळ.

आता चॅट्सवर्थ. डेव्हनशायरच्या ड्यूकचं घर. इथे १६व्या शतकात पहिलं घर बांधायला घेतलं ते बेस ऑफ हार्डविक आणि तिचा दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश यांनी. हा कॅव्हेंडिश राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एक होता. २००५ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमात डार्सीचं घर म्हणून दिसतं, ते हेच.

नंतर मात्र अशा घरांचं गणित बिघडलं. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागलं, शेतीचे भाव पडले आणि जमिनीचा खंड घटला. १८९४ मध्ये नवा वारसा कर आला, जास्तीत जास्त ८ टक्के. दुसऱ्या महायुद्धानंतर तोच दर ८० टक्क्यांवर गेला होता! विसाव्या शतकात हजाराहून जास्त हवेल्या पाडल्या गेल्या.

चॅट्सवर्थचं काय झालं बघा. दहाव्या ड्यूकने १९४६ मध्ये मालमत्ता मुलाच्या नावे केली. नियम असा होता की त्यानंतर पाच वर्षं जगलात तर कर माफ. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. मुदतीला साधारण १४ आठवडे बाकी होते. मग काय, ८० टक्के! हजारो एकर जमीन विकली, मौल्यवान चित्रं कराच्या बदल्यात सरकारला दिली. आज घर एक धर्मादाय ट्रस्ट चालवतो, आणि ड्यूकचं कुटुंब राहतं त्या खोल्यांचं भाडं ट्रस्टला भरतं.

त्याच हिशेबात गेली आपली दुसरी हवेली, हार्डविक हॉल. तीसुद्धा कराच्या बदल्यात दिली गेली आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आली. ती बेसनेच १५९० च्या दशकात बांधली. तेव्हा काच प्रचंड महाग होती, म्हणून बाईंनी भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त लावल्या, श्रीमंती लांबूनच दिसावी म्हणून. वर बुरुजांवर स्वतःची आद्याक्षरं दगडात कोरून घेतली. आत गेल्यावर मात्र अंधार वाटेल, पडदे ओढलेले असतात. उजेडाने जुन्या कापडाचे रंग उडतात, आणि इथले भिंतीवरचे विणलेले पडदे चारशे वर्षांहून जुने आहेत.

तिसरी हवेली केडलस्टन. इथे आपला थेट संबंध येतो, कारण हे लॉर्ड कर्झनचं घर. तोच तो, १९०५ ला बंगालची फाळणी करणारा. गंमत बघा, कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस, म्हणजे आजचं राज्यपालांचं निवासस्थान, केडलस्टनच्या नकाशावर बेतलेलं आहे. ते बांधून झालं १८०३ मध्ये. म्हणजे १८९९ ला व्हाइसरॉय होऊन आलेला कर्झन स्वतःच्या घराच्या कॉपीमध्येच राहायला आला!

केडलस्टनच्या तळमजल्यावर त्याने इथून नेलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिशी झगाही याच संग्रहातला. शिलाई पॅरिसची, पण सोन्या-चांदीच्या तारेचं भरतकाम भारतीय कारागिरांचं. त्यात मोराच्या डोळ्यांच्या जागी हिरव्या किड्यांचे चमकणारे पंख लावलेत.

याच कर्झनने १९०४ मध्ये भारतात प्राचीन स्मारकं जपण्याचा कायदा आणला, आणि इंग्लंडमधले दोन पडके किल्ले विकत घेऊन मृत्युपत्रात नॅशनल ट्रस्टला दिले. म्हणजे जपणारा आणि नेणारा माणूस एकच. त्याला हिरो किंवा व्हिलन ठरवून मोकळं होता येत नाही. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने स्वतःच अहवाल काढला, की आमच्या ९३ जागांचा वसाहती किंवा गुलामगिरीशी संबंध आहे. त्यावर तिकडे बराच गदारोळ झाला.

तर मंडळी, जाल तेव्हा प्रत्येक हवेलीत तीन प्रश्न विचारा. हे बांधायला पैसा कुठून आला? इथे राबलं कोण? आणि आज हे सांभाळतं कोण? बहुतेक खोल्यांत स्वयंसेवक उभे असतात, बरेचसे रिटायर्ड आजी-आजोबा. बिनधास्त विचारा, त्यांना सांगायला आवडतं. आई-बाबांना इंग्रजीचा संकोच असेल तर तुम्ही दुभाषी व्हा. नोकरांचा जिना आणि स्वयंपाकघर चुकवू नका, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडतं. तिसऱ्याचं उत्तर तर तुमच्या हातातच असतं, तिकिटावर छापलेलं.

तुम्ही अशी एखादी हवेली बघितली असेल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!